चंबूतलं शैवाल आणि समुद्रातलं
समुद्रातल्या शैवालांवरचा एक लेख वाचला. तो म्हणतो, सूक्ष्म शैवालं (पाण्यातले एकपेशी, वनस्पतींसारखे जीव) दिवसाकाठी एकदा दुभंगली तरी वर्षात शेकडो पिढ्या होतात, म्हणून तापत्या पाण्याशी ती जुळवून घेतील. अर्धंच पटलं. प्रयोगशाळेतल्या चंबूत नायट्रेट, फॉस्फेट ही त्यांची पोषकद्रव्यं हवी तेवढी घालता येतात. समुद्रात वरचं पाणी तापलं की हलकं होऊन वरच राहतं, खालचं थंड, पोषक पाणी वर येणं कमी होतं. मग उपाशीपोटी कसलं जुळवून घेणं! अशा वेळी छोट्या पेशींचं फावतं. आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा, म्हणून थोडक्या पोषकद्रव्यांतही त्यांचं भागतं. सिलिकाच्या, म्हणजे काचेसारख्या डबीत राहणारे मोठे डायटम (हीही सूक्ष्म शैवालंच; सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघाच, नक्षी वेड लावते) मागे पडतात. आणि मेल्यावर कार्बन घेऊन तळाशी जाण्यात तेच तर पुढे! पेशीपटलातली (पेशीच्या पातळ आवरणातली) मेदाम्लं, म्हणजे स्निग्ध घटक, बदलून उष्णता सोसता येते, मान्य. पण भुकेबद्दल लेखात एक ओळही नाही.