‘किलोमीटरला एक रुपया’ म्हणणाऱ्यांनो, क्रेट भरून दाखवा

‘घरात एक इलेक्ट्रिक पिकअप असायलाच हवी’ असा मेसेज सध्या टोमॅटो-द्राक्षवाल्यांच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. किलोमीटरला फक्त एक रुपया, चार्जिंग शेतातल्या मोफत विजेवर, टोल माफ, मेंटेनन्स शून्य, माल नसेल तेव्हा घरच्यांना फिरवायला गाडी, आणि अडीच वर्षांत पैसे वसूल. इलेक्ट्रिकला माझा विरोध नाही. पण एवढ्या मेसेजवर विसंबून कोणी कर्जाचे कागद करणार असेल, तर जरा थांबा.

मोफत विजेचं आधी. बळीराजा मोफत वीज योजना आहे ती साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी. त्या कनेक्शनवर गाडी लावली तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. म्हणजे गाडी घरच्या मीटरवरच लावायची.

आणि एक रुपयाचं गणित फसतं ते इथेच. जून 2025 मध्ये आलेली टाटा एस प्रो ईव्ही उदाहरणाला घेऊ. बॅटरी 14.4 युनिटची, कागदावरची रेंज 155 किलोमीटर. माल भरून, गावच्या रस्त्याने शंभर मिळाले असं धरा. चार्जिंगमधली घट धरून किलोमीटरला साधारण 0.16 युनिट लागतं. महिन्याला हजार किलोमीटर पळवली तर बिलात 160 युनिटची भर. घरात आधीच दोनशे युनिट जळत असतील, तर आकडा 360 वर जातो. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटच्या पुढे वहन आकार (वीज पोचवण्याचा आकार) धरून अकरा-बारा रुपयांच्या आसपास, तीनशेच्या पुढे पंधराच्याही वर. वीज शुल्क निराळंच. ते सोडूनच किलोमीटरला दोन-सव्वादोन रुपये पडतात. एक रुपया यायला युनिट सहा रुपयांना मिळायला हवं. (मेसेज लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा दोन बल्ब आणि एक पंखा असावा.) छतावर सोलर असेल तर मात्र चित्र पालटतं, तीन किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी बाराएक युनिट देतो, त्यात ही गाडी आरामात चालते.

पेट्रोलच्या छोट्या हत्तीला (टाटा एसला) वीसचं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला पाच रुपये. म्हणजे बचत खरी आहे, तीनेक रुपयांची. पण बाजारात आल्या तेव्हा याच गाडीची पेट्रोल आवृत्ती 3.99 लाखांना होती आणि इलेक्ट्रिक 6.50 लाखांना. अडीच लाखांचा फरक भरून निघायला ऐंशी हजारांवर किलोमीटर लागतात. घरची गाडी महिन्यातले पंचवीस दिवस रोज चाळीस किलोमीटर धरली तरी सात वर्षं. पार्सलवाल्याची रोज शंभर पळते, त्याचं तीन वर्षांत वसूल होतं. मेसेजातला हिशेब त्याचा आहे, आपला नाही. त्यात सप्टेंबर 2025 पासून पेट्रोल-डिझेल मालगाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकला आधीपासून पाचच टक्के होता, त्यामुळे फरक आणखी वाढला.

आता माल. या गाडीची क्षमता 750 किलो. नाशिकजवळच्या पिंपळगावला टोमॅटोचा लिलाव वीस किलोच्या क्रेटवर होतो. म्हणजे सदतीस क्रेट, तेही रिकाम्या क्रेटचं वजन न धरता. बोलेरो पिकअपला सत्तर-ऐंशी टाकायची सवय असलेल्या माणसाला दोन खेपा घालाव्या लागतील. नाशिकपर्यंत हरकत नाही. वाशीचं मार्केट मात्र दोनशे किलोमीटरच्या घरात, वाटेत कसारा घाट, आणि येताना तोच घाट चढायचा. भाव चढलेला असताना वाटेत चार्जिंगला नंबर लावून बसणं कोणाला परवडेल?

टोलमाफी खरी आहे, पण अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, आणि तीही इलेक्ट्रिक कार व बसला. मालवाहू गाड्या त्यात नाहीत. नाशिक-मुंबई वाटेवरच्या घोटी आणि पडघ्याच्या टोलनाक्यांवर तर ती सवलत मुळातच नाही.

मेंटेनन्सचं बऱ्यापैकी पटतं: ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट काही नाही. टायर, ब्रेक, बुश मात्र झिजतातच.

राहिली घरच्यांना फिरवण्याची गोष्ट. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि आणखी एक जण, बस्स. मागे हौद्यात बायकापोरं बसवून वणीच्या गडावर निघालात तर कायदा मोडलाच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. देवाला जायला गाडी हवी असेल तर तेवढ्याच पैशांत जुनी मारुती इको बघा.

छतावर सोलर, रोज ठरलेली खेप, तीस-चाळीस किलोमीटरच्या आतली बाजारपेठ आणि घरात लांबच्या मालासाठी दुसरी गाडी, एवढं असेल तर जरूर घ्या. पण शोरूममध्ये ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. पस्तीस क्रेट भरा, मळ्यातल्या वाटेने बाहेर काढा, बाजार समितीच्या गेटपर्यंत जाऊन या आणि किती टक्के बॅटरी उतरली ते सेल्समनच्या देखत वहीत लिहा.