भिंत फोडायची गरज होती का? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, भिंतीतल्या शॉवरच्या पाइपाचं लिकेज भिंत फोडून काढलं त्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की भिंत फोडणं म्हणजे उगाच खर्च, टाइल्सच्या फटीत केमिकल भरलं की काम होतं, तुमच्याकडे झालंही, आणि मी लोकांना घाबरवतोय. तुमच्याकडे ते टिकलं याचं कारण बहुतेक पाणी टाइल्सच्या फटीतून मुरत असणार, तिथे ग्राउटिंग, म्हणजे फटी भरणंच बरोबर. पण आमचं लिकेज भिंतीतल्या पाइपाच्या जॉइंटचं होतं, ते वेगळं.

हे कशावरून ते मूळ लेखात नीट लिहिलं नव्हतं, ती माझी चूक. आम्ही इंदिरानगरला जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, बाथरूमच्या पलीकडे बेडरूम, मध्ये चार इंची भिंत. एप्रिलमध्ये, नाशकात पावसाचा थेंब नसताना, बेडरूमच्या बाजूला पोपडे निघायला लागले. आधी दोन दिवस शॉवर बंद ठेवला, ओल वाढली नाही, म्हणजे शॉवरच्या कॉकच्या अलीकडची, टाकीकडून येणारी लाईन ठीक. मग शॉवर काढून त्या जागी डमी, म्हणजे तोंड बंद करायचं बूच लावलं आणि कॉक उघडा ठेवला. हे महत्त्वाचं आहे, कारण एरवी शॉवरचं तोंड उघडं असतं त्यामुळे कॉकपासून शॉवरपर्यंतच्या उभ्या पाइपात प्रेशर फारसं साठतच नाही, डमी लावली की गच्चीवरच्या टाकीचं पूर्ण प्रेशर बसतं, दर 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलो. बाथरूम कोरडं ठणठणीत, टाइल्सवर एक थेंब नाही, आणि पलीकडे ओलीच्या कडेला पेन्सिलने आखलेल्या रेघेच्या पुढे ओल संध्याकाळपर्यंत चार बोटं सरकली! आता सांगा, टाइल्सच्या फटीत केमिकल भरून काय झालं असतं? पाण्याला बाथरूमकडून वाट बंद, मग ते बेडरूमकडेच आणखी निघालं असतं.

फोडलं तेही बेडरूमकडून, कारण प्लास्टर परत करता येतं, तीच जुनी टाइल आता कुठून आणणार. आत जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) एल्बो, म्हणजे वळणाचा जॉइंट, आटे गंजून गेलेले. प्लंबर म्हणाला एल्बोच बदलू, पण पान्याचा जोर लागताच पाइपच मोडला, मग डायव्हर्टरपासून (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा कॉक) वरपर्यंतचा तुकडा सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणीही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपाचा टाकला. शॉवरसाठी पितळी आट्यांचा एल्बोच घ्या, नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात स्टीलचा आर्म (भिंतीतून बाहेर येणारी शॉवरची नळी) जास्त आवळला की तडा जातो आणि तो तडा भिंतीत दिसत नाही. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर एक दिवस थांबलो, परत डमी लावून रात्रभर प्रेशरवर ठेवलं, सकाळी जॉइंटवर कोरडा टिश्यू फिरवून बघितला आणि मगच गवंड्याला बोलावलं. गवंडी आदल्या दिवशीच हजर होता, घरचे सगळे घाई करत होते, तरी ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र तुमची शंभर टक्के बरोबर. फोडण्याआधी शॉवर आर्मच्या मागची स्टीलची वाटी सरकवून बघायला हवं, तिथल्या आट्यातून पाणी मागे झिरपत असेल तर आर्म काढून नवीन टेफ्लॉन टेप गुंडाळली की झालं. आम्ही ते केलं होतं पण लिहायचं राहिलं, आज लेखात सुरुवातीलाच टाकतो.

पेंट अजून मारलेला नाही. प्लास्टर आतून ओलं आहे, पेन्सिलची रेघ तशीच ठेवलीय, दिवाळीपर्यंत तिथली भिंत सुकली आणि सुकलेलीच राहिली तर मारू.