शिक्षण किंवा मनोरंजन

घरी विमान बांधतो आहे असे सांगितले की समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पत्र्यांत रिव्हेट, म्हणजे जोडखिळे, ठोकणारी धडधडणारी गन, घामाने निथळणारे कपाळ आणि उडणाऱ्या ठिणग्या असे काहीतरी उभे राहते. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमच्या कामात ठिणग्या उडत नाहीत, आणि माझा बहुतेक वेळ गॅरेजमधल्या खुर्चीत बसून, हनुवटीला हात लावून, ड्रॉइंगकडे टक लावून पाहण्यात जातो. किट विमानाचे भाग खोक्यांतून येतात, बरीचशी भोके कारखान्यातच पाडलेली असतात आणि चार टाकाऊ पत्र्यांवर हात बसवला की हत्यारेही चालवता येतात. खरी परीक्षा असते ती त्या खोक्यांसोबत आलेल्या कागदांची.

हे कागद खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. त्यांत सगळे काही असते. फक्त प्रत्येक गोष्ट एकदाच आणि आपण पाहत नसतो नेमक्या त्या कोपऱ्यात लिहिलेली असते. रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या, कडेला कोणता रिव्हेट मारायचा हे शोधावे, तर तिथे एक बाण आणि ‘तपशील ब पाहा’ एवढेच असते. तपशील ब दुसऱ्या पानावर निघतो आणि त्याच्याखाली ‘इतर सर्व वरीलप्रमाणे’ अशी टीप असते, जिच्या वर काहीही नसते. तहसील कचेरीतही एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात, पण तिथे निदान ज्याच्याशी भांडता येईल असा माणूस खिडकीमागे बसलेला असतो.

बरे, रिव्हेट सापडला म्हणून सुटका होते असेही नाही. त्याचे नाव असते ‘एएन ४२६ एडी ३-३.५’. यातील ४२६ म्हणजे ज्याचे डोके पत्र्यात सपाट बसते तो, आणि एडी म्हणजे त्याचा मिश्रधातू. इथपर्यंत ठीक आहे. पुढचा ३ हा त्याचा व्यास, इंचाच्या बत्तिसाव्या भागांत. आणि त्याला खेटून बसलेला ३.५ ही लांबी, पण ती सोळाव्या भागांत. या रिव्हेटसाठी ४० नंबरचे ड्रिल लागते आणि त्याहून जाड रिव्हेटसाठी ३० नंबरचे, कारण ड्रिलचा नंबर वाढला की त्याची जाडी घटते. पत्र्याची जाडी मात्र दशांशात, म्हणजे ०.०२५ इंच. पत्रा इतका पातळ असल्यामुळे दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे ड्रॉइंगमध्ये एकच रेघ दिसते, आणि वरचा पत्रा कोणता व खालचा कोणता हे त्या एका रेघेच्या चेहऱ्यावरून ओळखायचे असते.

आम्ही राहतो ओहायोतल्या डेटनजवळ, म्हणजे राइट बंधूंच्या गावाशेजारी. १९०३ साली त्यांनी विमान उडवले त्याचे मला कौतुक आहेच, पण हेवा वाटतो तो याचा, की त्यांना दुसऱ्या कुणाचे ड्रॉइंग वाचावे लागले नाही. कांदिवलीच्या गच्चीवर स्वतःच्या कल्पनेतले विमान उभे करणारे कॅप्टन अमोल यादवही माझ्या लेखी याच भाग्यवंतांत मोडतात.

गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे आले. नाना पिंपरीच्या एका कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले असल्यामुळे मी मोठ्या आशेने त्यांच्यापुढे एलेव्हेटरचे, म्हणजे शेपटीच्या आडव्या, हलत्या भागाचे, पान पसरले. त्यांनी चष्मा पुसला, पान एकदा पाहिले, मग पुन्हा चष्मा पुसला.

“जावईबापू, वरून दिसणारं चित्र यांनी वर काढलंय. ते खाली पाहिजे.”

“नाना, इथे चित्रांच्या मांडणीत थर्ड अँगल चालतो.”

“म्हणजे उलटा.”

“इथल्या लोकांना आपला फर्स्ट अँगल उलटा वाटतो.”

“वाटणारच,” नाना शांतपणे म्हणाले, आणि वरचे चित्र खाली व उजवीकडचे डावीकडे असे सगळे पान त्यांनी आपल्या वहीत पेन्सिलीने नव्याने काढायला घेतले. ते काम संध्याकाळपर्यंत चालले, आणि कबूल करायला हरकत नाही, की कंपनीच्या पानापेक्षा ते मला अधिक समजले.

मग डाव्या-उजव्याचा प्रश्न आला. विमानाची डावी बाजू म्हणजे वैमानिकाच्या आसनात, नाकाकडे तोंड करून बसलेल्या माणसाची डावी बाजू. अजून ना आसन होते ना नाक, तेव्हा नानांनी गॅरेजच्या मधोमध एक खुर्ची मांडली आणि प्रत्येक भाग हाती घेण्यापूर्वी तिच्यावर बसून दिशा ठरवण्याचा शिरस्ता पाडला. पुढे विमानाचे धड काही काळ उलटे ठेवून बांधायचे आहे, हे त्यांना कळले तेव्हा ते बराच वेळ खुर्चीकडे पाहत राहिले. माझ्या पत्नीने त्यांना तिथल्या तिथे शीर्षासनाची मनाई केली.

अमेरिकेच्या विमान वाहतुकीच्या नियमांप्रमाणे अशा विमानाचा मोठा भाग, बोलण्यात ज्याला ५१ टक्के म्हणतात तो, केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी बांधलेला असावा लागतो. तपासनिसाला दाखवायला आम्ही त्याची छायाचित्रेही काढून ठेवतो, ज्यांतल्या बऱ्याचशा छायाचित्रांत दोन माणसे एका कागदावर वाकलेली दिसतात. पत्नीच्या मते यातले शिक्षण माझे आणि मनोरंजन शेजाऱ्यांचे आहे.

पंखांची खोकी आली तेव्हा नानांनी मुक्काम वाढवण्याचा विषय काढला, पण सासूबाईंनी परतीचे तिकीट बदलायला साफ नकार दिला. तेव्हा पंखांच्या सगळ्या पानांच्या प्रती बॅगेत घालून नाना चिंचवडला गेले. आता तिकडे त्यांचा दुपारचा चहा झाला की इकडे माझा फोन पहाटे वाजतो, आणि मी झोपेत उचलतो तोवर त्यांचे बोलणे सुरू झालेले असते : “ती तुटक रेघ आहे ना, ती खालच्या रिबची आहे बरं का. पण तुम्ही आधी खुर्चीवर बसा.”