पत्रातली म्हैस

'फौजींची जुनी पत्रं जपा' असं आवाहन मधूनमधून फिरत असतं. जपाच. पण पत्र स्कॅन करून ठेवलं की इतिहास जपला, हे मला काही पटत नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेशी नातं नसलेली भावकी विरळा. एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, म्हणून गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. त्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉरवाले उघडून वाचत आणि निवडक मजकुराचा इंग्रजी तर्जुमा अहवालात घालत. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं बहुतेक गेली. शिपायांनाही आपलं पत्र वाचलं जातंय हे ठाऊक होतं. म्हणून काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे, असं लिहायचे. शिवाय कित्येकांना लिहिताच येत नव्हतं, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे.

सेन्सॉर घरीही असायचाच. माझ्या चुलत आजीकडे आजोबांची ७१ च्या लढाईच्या आगेमागेची अंतर्देशीय पत्रं आहेत. '५६ एपीओ' या फौजी टपाल कार्यालयाचा पत्ता, घड्यांवर झिजलेला निळा कागद. सगळी 'तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार'ने सुरू होणारी. आजीच्या नावाने एकही नाही. पत्र आलं की मास्तर सोप्यावर बसून मोठ्याने वाचणार, आबांसकट निम्मी आळी ऐकणार, आणि आजी आतल्या दारामागे. बायकोला लिहिणार तरी काय?

एका पत्रात पाऊसपाणी, विहिरीचं इंजिन वगैरे झाल्यावर ओळ आहे : 'म्हैस कशी आहे, कधी विणार, ते सविस्तर कळवणे.' मी वाचून दाखवत होतो, तर आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आरं, आमच्याकडं तवा म्हस कुटं हुती?" थोरल्या काकांच्या वेळचे दिवस होते ते. मास्तरांना कळलं, आबांना कळलं, कुणी अवाक्षर काढलं नाही. उत्तरात आबांनी लिहिलं म्हणे, 'म्हैस खुशाल, चारा खाते.'

हा कागद एखाद्या संग्रहालयात गेला असता, तर खाली 'सैनिकाची पशुधनाविषयी काळजी' अशी चिठ्ठी लागली असती!

पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधलं कूत-अल-अमारा तुर्कांच्या हाती पडलं २९ एप्रिल १९१६ ला. तिथे शरण आलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्या माणसांना, त्यांच्या बायकांना काही विचारायची वेळ कधीच गेली. ६२, ६५, ७१ वाल्यांची अजून थोडी उरलीय. आपण मात्र त्यांना २६ जानेवारीला शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि भाषण स्वतःच करतो. त्यांच्या बायकांना तर व्यासपीठावरही बोलवत नाही.

आठवणीत गफलत होते, मान्य. आजी लढाईचं साल दर वेळी वेगळं सांगते. साल पोस्टाच्या शिक्क्यावर आहे की! शिक्क्यावर नाही ते तिच्याकडे आहे.

घरात पत्रं असतील तर आधी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा, मग एकेक पत्र सावकाश वाचून दाखवा. मधे बोलू नका. जमलंच तर घरातल्या पुरुषांना तेवढा वेळ बाहेर पाठवा. आणि उतरवून घेताना 'हुती'चं 'होती' करू नका.