म्हशी हाकला, पाणथळ वाचवा

पाणथळ जागा वाचवायला निघालाच आहात, तर आधी म्हैस शोधा. हमखास पाण्यातच सापडेल. शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या वर, पाठीवर बगळा, जबड्यात हिरवं काहीतरी. हीच गुन्हेगार. शहानिशा करत बसू नका. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल ही आपली जुनी रीतच आहे.

कित्ता हवा असेल तर राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव पक्षी अभयारण्य गिरवा. जेमतेम 29 चौरस किलोमीटर, तेही बांध घालून माणसांनीच केलेलं तळं. इथे 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो साहेबांच्या शिकारपार्टीने एका दिवसात 4,273 पक्षी पाडले. पण साहेबांनी गवताला तोंड लावलं नव्हतं. ते म्हशी लावत होत्या, पिढ्यानपिढ्या. म्हणून राष्ट्रीय उद्यान झाल्यावर 1982 मध्ये चराई बंद केली गेली. गावकरी अडून बसले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. (माहितीपत्रक छापताना हे वाक्य गाळावं. फोटोला जागा होते.)

आता दुर्बीण घेऊन निवांत बसा. पास्पॅलम नावाचं एक गवत आहे. म्हशी त्याला रोज खाऊन जागेवर ठेवायच्या, म्हणून ते आजवर कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं. आता ते उथळ पाण्यावर अशी गादी घालेल, की बदकाला उतरायला मोकळं पाणी उरणार नाही. मासे घटतील, मग माशांवर जगणारे पक्षी. घाबरू नका, लांबून सगळं छान हिरवंगार दिसतं. फोटो लांबूनच काढा.

तरी कुणी शंका काढलीच, तर अभ्यास नेमा. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, निसर्गाचा अभ्यास करणारी संस्था) तिथे 1980 ते 1990 अशी दहा वर्षं घातली आणि निष्कर्ष काढला, की म्हशी हव्या होत्या. दचकू नका. अहवाल जाड असला की कपाटात न टेकता उभा राहतो.

म्हणजे म्हशी परत आणायच्या? छे! नियम म्हणजे नियम. गवत कापायला त्याच गावकऱ्यांना परवानगी द्या. बाईने गुडघाभर पाण्यात वाकून विळा चालवायचा, निथळता भारा डोक्यावर घेऊन भिंतीबाहेर यायचं आणि दावणीच्या म्हशीपुढे टाकायचा. म्हैस तेच गवत खाते. तिचा तेवढा तळ्यापर्यंतचा हेलपाटा वाचला.