चौऱ्याची मडकी राहून गेली

अंदमान-निकोबारवरच्या जपानी ताब्याचा (१९४२-४५) लेख वाचला. कार निकोबार बेटावरची धावपट्टी, वेठबिगारी, हेर ठरवून केलेल्या हत्या, सगळं आलंय. पण निकोबारमधलंच चौरा बेट राहून गेलं, याची फार चुटपुट लागली.

जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं बेट, पण निकोबारभर मडकी पुरवायचा मान त्याचाच. गंमत म्हणजे चिकणमाती शेजारच्या तेरेसा बेटाहून होडीनं आणायची. चाक नाही, बायका मातीच्या वळ्या एकावर एक चढवून हातानंच भांडं घडवायच्या. भाजलेलं मडकं गरम असतानाच त्यावर नारळाच्या ओल्या, कोवळ्या सोडणाच्या पट्ट्या दाबायच्या, त्याचे गडद पट्टे कायमचे उमटायचे. ही मडकी आणि होड्या घ्यायला कार निकोबारची माणसं वल्हवत चौऱ्याला जायची. तो प्रवास म्हणजे निव्वळ बाजारहाट नव्हे, त्याला धार्मिक विधीइतकं महत्त्व होतं.

ज्या कार निकोबारला चौऱ्याचं मडकं चुलीवर लागायचं, तिथलीच माणसं धावपट्टीवर राबवली गेली. म्हणून ताब्याचा इतिहास लिहिताना या होड्यांच्या वाटाही धराव्यात, ही लेखकाला कळकळीची विनंती. दुसरा भाग लिहाल का?