सूर्य थांबला म्हणून मोटर बंद?

दर डिसेंबरला फिरणारा तो मेसेज यंदा माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, मोबाईलवर पोचला आणि तात्यांनी गव्हाची पाण्याची पाळी सोडून दिली. नुसता वाचून सोडला असता तर मीही गप्प बसले असते.

मेसेज थोडक्यात असा: २१ डिसेंबरला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब जाते. रात्र सोळा तासांची होते. सूर्य तीन दिवस एकाच जागी थांबतो, त्या काळात झाडं पाणी ओढत नाहीत आणि पाजलेलं पाणी मुळाशी विष होतं. म्हणून तीन दिवस मोटर बंद ठेवा, दिवे लावून सूर्याचं स्वागत करा. दिवस खरा वाढतो तो मकर संक्रांतीपासून. शेवटी ‘नासानेही मान्य केले’. नासाला दुसरा उद्योग नसावा.

लांब जाण्याचं आधी उरकते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वांत लांब, १५.२ कोटीवर, ती जुलैच्या सुरुवातीला असते. थंडी पडते ती पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललाय म्हणून. आणि सोळा तासांची रात्र लंडनची! कोल्हापुरात २१ डिसेंबरला दिवस अकरा तासांहून थोडा मोठाच असतो, रात्र तेरा तासांच्या आत. मेसेज कुठनं उचललाय ते इथंच कळतं.

आता पाणी. ऊस तुटून गेल्यावर डिसेंबरच्या सुरुवातीला पेरलेला गहू वीस तारखेच्या पुढं नेमका मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुळं, फुटायच्या अवस्थेत येतो. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचा हा काळ. या वेळचं पाणी चुकवू नका, असं कृषी विद्यापीठांच्या शिफारशी सांगतात. इथं ताण बसला की फुटवे कमी, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. नंतर कितीही पाणी पाजा, ते भरून येत नाही. तात्यांच्या रानात जाऊन बघितलं तर वरची माती पांढरी पडलेली, भेगेत करंगळी जात होती आणि खालच्या पानांचे शेंडे पिवळे. झाडं पाणी ओढत नाहीत म्हणे! मग रान वाळवलं कुणी? त्या दिवशी दुपारी साडेबाराला आपल्याकडं सूर्य क्षितिजापासून पन्नास अंश वर असतो. एवढ्या उन्हात पान अन्नही तयार करतं आणि पाणीही उडवतं. विषाबद्दल काय बोलायचं? मेसेजमध्ये कुठलं विष तेही लिहिलेलं नाही. बरं, मोटरीची थ्री फेज लाईट पाळीनं मिळते, तीही कधी रात्रीची. सोडलेली पाळी मेसेज पाठवणारा आणून देणार आहे का? तात्यांचं म्हणणं, “एवढ्या लोकांनी पाठवलंय, सगळं खोटं कसं असंल?”

सगळं खोटं नाही, हे नाइलाजानं मान्य करते. सूर्य ‘थांबतो’ यात थोडं तथ्य आहे. २१ डिसेंबरच्या आगेमागे दिवसाची लांबी काही सेकंदांनीच बदलते आणि मावळतीची जागाही जवळजवळ हलत नाही. पण तो थांबतो दक्षिणेकडं सरकायचा. उगवतो, मावळतो, तापतो रोजच्यासारखाच.

राहिली संक्रांत. दिवस संक्रांतीपासून नाही, २१ डिसेंबरपासूनच वाढतो, याचा पुरावा कोल्हापूरकराला नासाकडं मागायची गरज नाही, तो अंबाबाईच्या देवळात आहे. किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दोन्ही वेळा मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडं जाताना त्या रेषेत येतो आणि परत फिरल्यावर पुन्हा त्याच रेषेत. आता मधले दिवस मोजा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. वळण बरोबर मध्यावर. सूर्य १४ जानेवारीला वळत असता तर दुसरा किरणोत्सव २० मार्चच्या आसपास करावा लागला असता. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि हे वळण एकाच सुमारास येत होतं, नंतर संक्रांत पुढं सरकत गेली. १९५७ पासूनच्या आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौष म्हणूनच २२ डिसेंबरला सुरू होतो. तिळगूळ खुशाल वाटा, पण तोवर दिवस पाचेक मिनिटांनी वाढून बसलेला असतो.

पहाटे धार काढणाऱ्याला हे पटणार नाही, कारण सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, ६:५७ वरून ७:०५ पर्यंत. वाढते ती संध्याकाळ. सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच पुढं सरकायला लागलेला असतो.

दिवे लावायला माझी हरकत नाही. लावायचेच असतील तर एक खुराड्यात लावा. दिवस लहान झाला की कोंबड्यांची अंडी कमी होतात, हे मात्र खरं आहे. अंड्यावरच्या कोंबडीला चौदा-पंधरा तास उजेड लागतो. बल्ब पहाटे लावा. रात्री लावून एकदम विझवला तर अंधारात त्यांना दांडीवर चढता येत नाही आणि त्या खालीच कोंडाळं करून बसतात.